मदत हवी आहे: कोल्हापुरात 'लाईट-पाणी धरून' फ्लॅट भाड्याने घ्यावा का? करारात काय लिहून घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी गारगोटीची. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरी लागली आहे, भाऊ शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करतोय आणि आता आईही आमच्याकडे राहायला येतेय. राजारामपुरीत वन बीएचके मिळतोय. मालक काका-काकू खालीच राहतात, बोलायला चांगले वाटले. त्यांनी दोन पर्याय दिलेत: लाईट-पाणी सगळं धरून महिना 10,000, किंवा भाडं 8,200, पाणी त्यांचं आणि लाईट सबमीटरवर युनिटला 12 रुपये. डिपॉझिट 30,000. रविवारपर्यंत सांगायचं आहे.

मी हिशोब मांडून बघितला. गिझर 2 किलोवॅटचा, रोज अर्धा तास म्हणजे एक युनिट, महिन्याला 30. फ्रीजचे तेवढेच धरले. 75 वॅटचे दोन पंखे रोज दहा तास म्हणजे 45. दिवे, टीव्ही, मिक्सर, भावाचा लॅपटॉप धरून 120 च्या आसपास जातं. म्हणजे 1,440 रुपये. दोन पर्यायांत फरक 1,800 चा, तेव्हा सबमीटर थोडा स्वस्त पडतो. पण आई दिवसभर घरात असणार, उन्हाळ्यात पंखा बंदच होणार नाही. मग तो फरक राहत नाही.

तरीही 'सगळं धरून' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. शिकत असताना ज्या खोलीत राहायचे तिथेही लाईट धरूनच भाडं होतं. दिवाळीपर्यंत ठीक चाललं. थंडी पडली आणि एक दिवस येऊन बघते तर गिझरच्या बटणावर खाकी चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं: 'सकाळी 7 पर्यंतच'. पुढे पाण्याची मोटरही दिवसातून एकदाच लागायला लागली. सोडताना 'जादा लाईट' म्हणून डिपॉझिटमधले 2,000 कापले. माझ्याकडे कागद नव्हता, काय बोलणार? आईला घेऊन मला हे पुन्हा सोसायचं नाही.

जाणकारांनी कृपया सांगा. 'धरून' म्हणजे किती युनिटपर्यंत, हे करारात घालता येतं का? मालकांचा आणि आमचा महावितरणचा मीटर एकच आहे, त्याने काही अडतं का? घरफाळा वाढला तर भाडं वाढेल असं काका म्हणाले, ते अकरा महिन्यांच्या आत चालतं का? आणि सगळ्यात काळजी पुराची आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये उपसा केंद्रं पाण्यात गेली, शहरातले नळ बंद झाले. पाणी भाड्यात धरलेलं असेल तर अशा वेळी टँकरचे पैसे कुणी द्यायचे?

प्रतिसाद

ताई, मीटर एक असणं हीच मेख आहे. घरगुती दर टप्प्याने वाढतो: 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा. तुमचे 120 वेगळ्या मीटरवर आले तर त्यातले 100 पहिल्याच टप्प्यात बसतील, वरचे 20 फक्त दुसऱ्यात. मालकांचे समजा 250 असले तर दोघांचे मिळून 370 होतात, आणि वरचे 70 महागात जातात. 12 चा आकडा कुठून आला ते त्यांचं मागच्या तीन महिन्यांचं बिल बघून विचारा. वरच्या मजल्याला वेगळा मीटर घेता आला तर सगळ्यात बरं.

करार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, ती जबाबदारी मालकाची. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000, स्टँप ड्युटी वेगळी. त्यात '150 युनिटपर्यंत भाड्यात, वरचे बिलाच्या दराने' असं सरळ लिहा. घरफाळा मालकाचा, तेही लिहा. म्हणजे अकरा महिने भाड्याला हात लागणार नाही. मोटरची वेळही घाला, लाजू नका. माझ्या भाडेकरूंनी घातली होती, मला राग आला नाही.

धागाकर्ती

खूप आभार दादा. आज संध्याकाळी काकांना फोन केला. बिलं दाखवायला ते लगेच तयार झाले, 150 युनिटलाही हो म्हणाले, नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा ठरला. वेगळ्या मीटरचं बघतो म्हणाले. रविवारी मीटरच्या आकड्याचा आणि बाथरूमच्या नळांचा फोटो काढून मगच टोकन देणार आहे.

टँकरचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. 2021 च्या पुरात राजारामपुरीत भाड्याने राहिलेलं कुणी असेल तर किती दिवस पाणी नव्हतं आणि पैसे कुणी भरले, एवढं कृपया लिहा.