एन-४ झालं, पण जपानीत प्रत्यक्ष गप्पा पहिल्यांदाच. तयारी कशी करू?

नवशिका_पुणे:
जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी पास आहे. शनिवारी एका जपानी बाईंशी व्हिडिओ कॉल ठरलाय. त्या हिंदी शिकतात, त्यामुळे पंधरा मिनिटं जपानी, पंधरा मिनिटं हिंदी. व्याकरण येतं, पण तोंड उघडत नाही. काय पाठ करू?

कानसेन:
जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, म्हणून एन-४ नंतर हे सगळ्यांचंच होतं. नाव, गाव, काम, जपानी का शिकता, जेवण हे विषय हमखास येतील. प्रत्येकाला दोन वाक्यांचं उत्तर आणि लगेच एक उलट प्रश्न तयार ठेवा. मनात इंग्रजी वाक्य जुळवू नका, थेट मराठीतून जा. क्रियापद शेवटीच येतं, आणि 'मला जपानी समजतं'सारखंच 'वाताशि वा निहोंगो गा वाकारिमास'. इथे 'गा', इंग्रजीतून गेलात की हटकून 'ओ' (कर्माचा प्रत्यय) लागतो.

खरं अडतं ते ऐकताना. पुस्तकात 'ताबेते इमास' (खात आहे) असतं, माणूस मोकळा झाला की 'ताबेतेरु' म्हणतो. 'दे वा'चं 'ज्या' होतं, 'शिते शिमात्ता'चं (करून बसलो) 'शिच्यात्ता'. साध्या गप्पांचा तीस सेकंदांचा ऑडिओ घ्या, त्याचा मजकूर आधी वाचा, मग आवाजाच्या किंचित मागे राहून सोबत बोला. शनिवारपर्यंत रोज तोच तुकडा. नवा घेऊ नका.

काही कळलं नाही तर नुसतं 'मो इचिदो' (पुन्हा एकदा) म्हणू नका, तेच वाक्य त्याच वेगाने परत येतं. अडलेला शब्दच उचला: 'हिक्कोशि त्ते नान देस का?' ('हिक्कोशि' म्हणजे काय?) मग तेवढाच भाग त्या सोपा करून सांगतील.

हो_का_बरं:
वरचं सगळं पटलं, पण हुंकार विसरू नका! गप्प राहून ऐकलंत तर समोरच्याला वाटतं, कॉल तुटला किंवा काही कळलं नाही. वाक्य संपायची वाट न बघता मध्येमध्ये 'हाइ' (हो), 'सो देस का' (असं का) येऊ द्या. 'नारुहोदो' (अच्छा, असं आहे तर) मात्र वयाने मोठ्या व्यक्तीला नको. 'आनाता' (तुम्ही) हेही टाळा, त्यांच्या आडनावाला 'सान' लावा, स्वतःच्या नावाला कधीच नाही. आणि काही सुचवल्यावर त्यांनी 'च्योत्तो…' (जरा…) म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, तर तो नकार असतो. पुन्हा आग्रह करू नका.

नवशिका_पुणे:
खूप आभार! उच्चारांचं काय? 'त्सु' नीट येत नाही.

कानसेन:
येतो की! 'चूल'मधला च म्हणजे 'त्सु'चा, 'चिमणी'मधला 'चि'चा. 'झाश्शि'च्या (मासिक) सुरुवातीला 'जास्त'मधला ज चालतो. जोडाक्षरांचाही आपल्याला त्रास नाही. दीर्घ स्वर मात्र आपण आखडतो: 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या, 'ओबाआसान' म्हणजे आजी. दीर्घ स्वराला दोन टाळ्यांचा वेळ द्या.

हो_का_बरं:
तारखांमध्ये हेच नडतं. 'योक्का' म्हणजे ४ तारीख, 'योओका' म्हणजे ८. पुढचा कॉल ठरवताना वार जोडून परत म्हणा, 'योक्का, दोयोओबि देस ने' (४ तारीख, शनिवार ना), आणि चॅटमध्ये आकड्यात लिहून टाका.