प्रभाग समितीची 5 लाखांची मर्यादा वाढवावी का? नगरसेवकाच्या बाजूने

प्रभागप्रतिनिधी

गल्लीत पाणी तुंबलं की लोक नगरसेवकाचं दार ठोठावतात, आणि ते बरोबरच आहे. पण 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त राज्य सरकार नेमतं. 227 नगरसेवकांपैकी एकालाही वॉर्ड ऑफिसातल्या दुय्यम अभियंत्याला आदेश देता येत नाही. पत्र देता येतं, सभागृहात ठरावाची सूचना मांडता येते, हरकतीचा मुद्दा घेता येतो. कंत्राटांचे मोठे प्रस्ताव स्थायी समितीत ठरतात आणि तिथे जागा 27. बाकी 200 जणांच्या हाती उरते ती प्रभाग समिती, म्हणजे वॉर्डातल्या नगरसेवकांची समिती.

कलम 50 टीटीप्रमाणे या समितीने पाणी, मलनिःसारण, स्वच्छता, पावसाळी निचरा यांच्या तक्रारी सोडवायच्या, वॉर्डाच्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी तपासून शिफारस करायची, आणि अर्थसंकल्पात तरतूद असलेल्या 5 लाखांपर्यंतच्या कामांना मंजुरी द्यायची. 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. त्यात 5 लाखांची मंजुरी म्हणजे एखाद्या घरगल्लीची लादी आणि दोन-चार चेंबरांची दुरुस्ती. ही मर्यादा किमान 50 लाखांवर न्यावी, असं माझं ठाम मत आहे.

पातमुख

माझा विरोध, आणि तो तांत्रिक आहे. पाण्याला प्रभागाची हद्द कळत नाही. वरच्या प्रभागाने 450 मिमीची पर्जन्यवाहिनी काढून 900 ची टाकली आणि खालची तशीच राहिली, की वरची गल्ली कोरडी होते आणि खालच्या चौकात गुडघाभर पाणी साचतं. वाहिनीची तळपातळी नाल्याच्या मुखापासून वर मोजत यावी लागते, गल्लीतून खाली नाही. त्यात भरती साडेचार मीटरच्या वर असली की बरीच पातमुखं, म्हणजे वाहिन्या समुद्रात उघडतात ती तोंडं, पाण्याखाली जातात, दरवाजे बंद करावे लागतात आणि पाणी उपसूनच बाहेर टाकावं लागतं. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध ही उदंचन (पंपिंग) केंद्रं त्यासाठीच उभी राहिली. ताशी 25 मिमी पावसाची जुनी क्षमता 50 वर नेण्याचा ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे मुंबईच्या पावसाळी निचरा प्रकल्पाचा, आराखडा संपूर्ण शहराचा म्हणून आखला होता. पैसा 227 ठिकाणी वाटलात तर जाळ्याचा विचार कोण करणार?

प्रभागप्रतिनिधी

नाले आणि मोठ्या वाहिन्या मध्यवर्ती खात्याकडेच राहू द्या, त्यावर वाद नाही. मी बोलतोय ते चराबद्दल. केबल, गॅस किंवा पाण्याच्या जोडणीसाठी रस्ता खोदला जातो. खोदणाऱ्या संस्थेकडून पुनर्भरणाचे पैसे महापालिका घेते, पण काम करणारा कंत्राटदार वेगळा असतो. चर 200 ते 300 मिमीच्या थरांनी भरून, प्रत्येक थरावर पाणी मारून ठोकून बसवायला हवा. प्रत्यक्षात खोदलेलाच मलबा एकाच दमात आत ढकलतात, वरून खडी आणि डांबराचा पातळ थर. पहिल्या मोठ्या पावसात तो चर 4-5 इंच खचतो आणि वाहनं त्याच रेषेत आदळतात. इथे नगरसेवकाच्या तक्रारीचं पुढे काय होतं? परिरक्षण (देखभाल) खातं म्हणतं रस्ते विभागाचं काम, रस्ते विभाग म्हणतो चराचा कंत्राटदार बघेल. वॉर्डातच पैसा आणि मंजुरी असती तर दुसऱ्या दिवशी खोदून पुन्हा भरता आलं असतं.

एएलएम_उपनगर

एएलएम, म्हणजे वस्तीतल्या रहिवाशांच्या गटाकडून दोघांनाही सांगते, आधी आहे तो अधिकार वापरा. आयुक्तांना 5 फेब्रुवारीपर्यंत अर्थसंकल्प स्थायी समितीला सादर करावा लागतो. म्हणजे वॉर्डाची शिफारस ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेली पाहिजे. त्या महिन्यांत प्रभाग समितीत किती वेळ खर्चाच्या अंदाजांवर जातो ते इतिवृत्त मागवून वाचा. याच कायद्यात स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी प्रभाग समितीवर नेमायची तरतूद आहे, मताधिकार नसला तरी. त्या जागा भरा म्हणून नगरसेवकांनी किती ठराव केले?

आणि निधी हातात आला की चांगल्या अवस्थेतल्या पदपथावरचे पेव्हर ब्लॉक उखडले जातात, कारण त्यावर नावाचा फलक लागतो. गटाराच्या आतल्या कामावर फलक लावायला जागा नसते. मर्यादा वाढवली तर हेच दहापट होईल.

हिशेबतपासणी

एक मुद्दा राहतोय. कमी मर्यादेमुळे कामाचे तुकडे पडतात. 12 लाखांचं काम 4-4 लाखांच्या तीन अंदाजपत्रकांत बसवलं की मोठी निविदा टळते, स्पर्धा कमी होते. मर्यादा वाढवून हे थांबत नाही, फक्त दीड कोटीचं काम तीन तुकड्यांत पडू लागतं. उपाय एकच: एका रस्त्यावर एका आर्थिक वर्षात जेवढी कामं, त्यांची बेरीज करूनच मर्यादा लावायची.

पातमुख

ही अट मान्य झाली तर माझा विरोध बराच मावळेल. पण कामाची वेळही बांधून घ्या. निविदा, छाननी, कार्यादेश यात सहज तीन-चार महिने जातात. जानेवारीत कार्यादेश मिळाला तर पावसाआधी जेमतेम चार-साडेचार महिने. काँक्रीटचं क्युरिंग (पाणी मारत ठेवणं) किमान 14 दिवस, वाहतूक साधारण 28 दिवसांनी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यानंतर काँक्रीट ओतायचं काम वॉर्डाने मंजूरच करू नये. घाई झाली की सगळ्यात आधी पाणी मारणंच कमी होतं.

प्रभागप्रतिनिधी

रस्त्यानुसार बेरीज मान्य. एप्रिलची अटही मान्य. एएलएमताई, फलकाचा आक्षेप खरा आहे. मग मंजुरीसोबत पदपथाचे फोटो आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख जोडायची सक्ती करू. दोषदायित्व कालावधी (कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत) संपलेला नसेल तर त्या जागेवर नवा पैसा नाही.

एएलएम_उपनगर

फोटो पुरेसे नाहीत. बिल मंजूर होण्याआधी मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मोजणीच्या नोंदवहीची) प्रत प्रभाग समितीच्या बैठकीत ठेवा, आणि आम्हाला तिथे बसू द्या. तोवर माझं मत 5 लाखांवरच राहील.