शुगरिंगच्या आधी त्वचेची तयारी कशी करावी?

निशिगंध:
महिनाअखेरीस मी प्रथमच पाय आणि काखांसाठी शुगरिंग (साखरेच्या चिकट पेस्टने केस उपटून काढणे) करून घेणार आहे. आजवर रेझरच वापरत आले असून पोटऱ्यांवर केस त्वचेच्या आत वाढतात, बारीक पुळ्या येतात आणि त्या बऱ्या झाल्या तरी काळपट डाग मागे राहतात. काखेतील काळसरपणासाठी मी रोज रात्री ग्लायकोलिक आम्लाचे द्रावण लावते. रेझर कधी थांबवावा, हे द्रावण चालू ठेवावे का, आणि आदल्या रात्री उटणे लावून अंग घासणे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

जास्वंद:
निशिगंधताई, मी स्वतः पार्लरमध्ये हे काम करते. रेझर आजच बंद करा. केस तांदळाच्या दाण्याएवढे, म्हणजे ५ ते ६ मिलिमीटर, वाढलेले असावे लागतात आणि त्याला साधारण २ ते ३ आठवडे जातात. मधल्या काळात टोचते म्हणून अनेक जणी एकदाच रेझर फिरवतात. मग काही केस लांब आणि काही आखूड राहतात, आखूड केस पेस्टच्या पकडीत येत नाहीत, आणि त्याच जागेवर पुन्हा पुन्हा पेस्ट फिरवावी लागल्यामुळे त्वचा लालबुंद होते.

आदल्या रात्री उटणे नको. त्यात बहुधा तेल किंवा साय कालवलेली असते आणि तेलाचा पातळ थर राहिला तरी पेस्ट केसांना न धरता घसरते. त्याच कारणाने त्या दिवशी लोशन लावू नये, आणि काखेत डिओडरंटही नको. आपल्याकडच्या दमट हवेत खरा अडथळा घामाचा असतो, कारण साखर, लिंबाचा रस आणि पाणी आटवून केलेली ही पेस्ट ओलाव्याने लगेच सैल पडते. म्हणून शक्यतो सकाळची वेळ घ्या, थोडा वेळ पंख्याखाली बसा, आणि पेस्ट लावण्यापूर्वी पावडर भुरभुरवून त्वचा कोरडी केली जाते ना, याकडे लक्ष द्या.

प्राजक्त:
ग्लायकोलिक आम्लाच्या बाबतीत मात्र अजिबात हयगय करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. हे आम्ल वरच्या थरातील मृत पेशी सैल करते. अशा हळव्या झालेल्या त्वचेवरून पेस्ट ओढली की केसांबरोबर सालही निघू शकते, आणि आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर त्या जखमेचा काळा डाग कित्येक महिने टिकतो. म्हणजे ज्या काळसरपणासाठी उपचार चालू आहे, तोच वाढायचा. निदान आठवडाभर आधी ते थांबवा आणि नंतरही त्वचा पूर्ण शांत झाल्याशिवाय सुरू करू नका. सॅलिसिलिक आम्ल, रेटिनॉल, अ‍ॅडापलीन या त्वचेवर लावायच्या इतर द्रव्यांनाही हेच लागू आहे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर गोळ्या चालू असताना आणि त्या संपल्यावर किमान ६ महिने केस उपटण्याचा असा कोणताही प्रकार टाळावा. मधुमेह असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक गोष्ट: काखेत लिंबाची फोड चोळण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो, तो कृपया मानू नका. पिकलेल्या पुळ्या असतील तर त्या जागेवर शुगरिंग टाळा, आणि आत वळलेला केस सुईने उकरू नका.

अबोली:
मस्कतमध्ये राहत असताना मी अनेकदा हे करून घेतले आहे; अरब देशांत ही जुनी घरगुती पद्धत असून त्या पेस्टला हलावा म्हणतात. पेस्ट केसांच्या वाढीच्या उलट दिशेने पसरतात आणि वाढीच्या दिशेने ओढतात. मासिक पाळीच्या लगतचे दिवस मात्र टाळावेत, कारण तेव्हा अनेकींना दुखणे अधिक जाणवते. जाताना सैल सुती कपडे घालावेत, आणि नंतर १ ते २ दिवस कढत पाण्याने आंघोळ, पोहणे व व्यायामशाळा वर्ज्य समजावी.

निशिगंध:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. द्रावण आणि रेझर दोन्ही थांबवते. मग उटण्याऐवजी त्वचा कशाने आणि कधी घासावी?

जास्वंद:
२ दिवस आधी, कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेल्या घोसाळ्याच्या घासणीने पोटऱ्यांवर हलका हात फिरवा. काखेत ओला मऊ पंचा पुरेसा आहे. वज्री टाचांपुरतीच ठेवा. त्यानंतर शुगरिंग होईपर्यंत पुन्हा घासू नका, आणि झाल्यावर ३ दिवसांनी हीच घासणी आठवड्यातून दोनदा फिरवत राहिलात तर केस आत वळण्याचे प्रमाण कमी होते.