गम वाढवू नका, माप पुन्हा घ्या

ताई, गिरकी घेतली की विग मागे सरकतो म्हणता, आणि त्यावर कुणीतरी स्पिरिट गम (विग कातडीला चिकटवायचा डिंक) जास्त लावायला सांगितलंय. तसं करू नका, कपाळाची कातडी सोलून निघेल. दोष बहुतेक मापात आहे.

आधी स्वतःचे केस चपट्या वळ्या करून पिनांनी दाबा, वर स्टॉकिंगची टोपी. मगच डोक्याला पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळा (नाक-तोंड मोकळं ठेवून), तिच्यावर चिकटपट्टीचे आडवे-उभे थर द्या आणि केसांची रेषा, कान, मानेचा खळगा मार्करने आखा. हा झाला साचा. तो डोक्यावरून काढून त्यात कागद ठासून भरा आणि त्यावर विगची जाळी बेता, केस तिलाच गाठायचे. कपाळालगत एकेक केसाचीच गाठ मारा. वेळखाऊ आहे, पण विग खरा वाटतो तो इथेच. मागे चार-पाच केसांची गाठ चालते.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर वडसा गावच्या नाटक मंडळ्या निघतात. नाटक रात्रभर, दुसऱ्या दिवशी नवं गाव. घामाने ओला विग तसाच पेटीत कोंबला की आकार जातो. पहाटे कितीही झोप आली तरी तो साच्यावर चढवून वाळवा. कृत्रिम केसांना गरम ड्रायर मात्र लावू नका, वितळतात.