पिवळ्या नंबरप्लेटच्या गाड्या रात्री गल्लीत नकोत: बरोबर की अन्याय?

धायरीकर:
आमच्या गल्लीचा रस्ता ६ मीटरचा. रोज रात्री एका बाजूला ट्रॅव्हल्सच्या बसेस, पाण्याचा टँकर आणि टेम्पोंची रांग. आता सोसायट्यांनी मिळून वाहतूक शाखेला अर्ज द्यायचं ठरवलंय: रात्री १० ते सकाळी ६ पिवळ्या नंबरप्लेटच्या गाड्या निवासी गल्ल्यांत नकोत. मी सही केलीये. हिशेब सरळ आहे. बस २.६ मीटरपर्यंत रुंद, समोर कार लागली की तिचे पावणेदोन. मध्ये उरतात जेमतेम दीड-पावणेदोन मीटर. बंब सोडाच, ॲम्ब्युलन्सही अडकेल. पहाटे साडेचारला बस सुरू करतात, आणि ब्रेकला हवा भरेपर्यंत इंजिन घरघरत ठेवतात. पहिल्या मजल्याच्या काचा थरथरतात. ज्याचा धंदा त्याने जागेचा खर्चही धरावा. मतं सांगा, फक्त ‘ॲडजस्ट करा’ म्हणू नका.

छोटा हत्तीवाला:
अर्जाआधी टेप लावून गाड्या मोजायच्या होत्या. माझा छोटा हत्ती ३.८ मीटर लांब, दीड मीटर रुंद. इनोव्हा क्रिस्टा ४.७ मीटर लांब आणि रुंदीलाही फूटभर जास्त. तरी ती पांढऱ्या प्लेटची म्हणून घरची, आणि माझी पिवळी म्हणून अडचण?

मी इथेच भाड्याने राहतो. पहाटे तीनला मार्केट यार्डात असावं लागतं. बंदी झाली आणि गाडी चार किलोमीटरवरच्या मोकळ्या जागेत लावली तर अडीचला तिथवर जाऊ कसा? आणि तिथे लावलेल्या गाडीची बॅटरी आणि स्टेपनी सकाळी जागेवर असेल याची हमी कोण घेणार? बॅटरी गेली की त्या दिवसाचं भाडं गेलंच, वर नवीन बॅटरी.

पेन्शनर काका:
जागा नव्हती तर गाडी घेतली कशाला?

छोटा हत्तीवाला:
काका, हे दुसरी कार घेणाऱ्यांनाही विचारा. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले होते, पार्किंगची जागा दाखवा, तरच नवीन गाडीची नोंदणी. तेव्हा कारवालेच सगळ्यात आधी कुरकुरले.

कलम_बहाद्दर:
दोघांनीही कायदा बघा. मोटार वाहन कायदा, १९८८. कलम ११५ खाली ठरावीक भागात ठरावीक प्रकारच्या गाड्यांवर निर्बंध घालता येतात, ११७ खाली पार्किंगच्या जागा ठरवता येतात. म्हणजे मागणी बेकायदा नाही. पण धायरीकर, तुमचं निम्मं काम आजही होऊ शकतं. धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी उभी करायला कलम १२२ मध्येच मनाई आहे, आणि १२७ प्रमाणे बेवारस सोडलेली किंवा दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ लक्ष न देता ठेवलेली गाडी पोलीस उचलू शकतात. यात प्लेटच्या रंगाचा संबंधच नाही. अर्जात लांबी-रुंदी घाला, रंग काढा. रंगावर भांडाल तर स्कूल व्हॅन आणि ओला-उबरवालेही विरोधात उभे राहतील.

धायरीकर:
लांबी-रुंदी चालेल. पण आवाजाचं काय? कार पहाटे सुरू झाली तर कोणाला कळतही नाही. आणि टँकर? भरलेला टँकर उभा राहून कडेचे पेव्हर ब्लॉक खचलेत, गटाराच्या झाकणाला तडा गेलाय. टेम्पोवाल्यांचं मी समजू शकतो. पण दोन-दोन बसेसचा मालक ‘पोटाचा प्रश्न’ म्हणतो तेव्हा हसू येतं.

क्वीन्सकर:
मूळचा पुण्याचा, आता न्यूयॉर्कमध्ये. इथे निवासी रस्त्यावर रात्री ९ ते पहाटे ५ व्यावसायिक गाडी लावायला बंदी आहे. तरी आमच्या भागात रात्री ट्रक दिसतात आणि लोक तक्रारी करत बसतात. मोठी कंपनी दंड खर्चात टाकून मोकळी होते, एकट्याच्या व्हॅनला मात्र तो झोंबतो. तिथेही वेगळं होणार नाही.

सौ. खडकवासला रोड:
वेगळं काय व्हायचंय? जुलै २०२५ मध्ये वाहतूकदारांनी संप केला तो ई-चलनांवरूनच. त्यांचं म्हणणं, उभं राहायला जागा नाही आणि उभं राहिलं की दंड. निगडीला ट्रान्सपोर्टनगरी, म्हणजे ट्रकसारख्या मोठ्या गाड्यांसाठी वेगळी जागा आहे, तशी आमच्या बाजूला हवी. बस आणि टँकरना सक्तीने तिकडे पाठवा, टेम्पोवाल्याला सोसायटीच्या कडेला एका ओळीत राहू द्या. माझा भाऊ टेम्पो चालवतो, त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकणारच.

पेन्शनर काका:
ट्रान्सपोर्टनगरी होईपर्यंत आम्ही जागंच राहायचं का?

मागची गल्ली:
अर्ज जरूर द्या, पण एक बघा. तुमच्याकडे बंदी झाली की त्या बसेस शंभर मीटर पुढे सरकून आमच्या दारात येणार. वाढदिवसाचा मांडव घालून तुम्ही रस्ता अडवलात तेव्हा दोन दिवस तेच झालं होतं. त्या कागदावर आमच्याही गल्लीचं नाव घाला, उद्या संध्याकाळी येऊन मी सही करतो.