‘कमिट केलंय’ म्हणजे काय केलंय? अंदाज, आडाखा, वायदा, शब्द

प्रश्न

आमची सॉफ्टवेअरची टीम. दर दोन आठवड्यांनी आमचं स्प्रिंट प्लॅनिंग, म्हणजे पुढच्या दोन आठवड्यांच्या टप्प्यात (स्प्रिंटमध्ये) काय करायचं ते ठरवणं, होतं आणि दर वेळी गाडी एकाच शब्दाशी अडते. ‘या स्प्रिंटला किती कमिट करताय?’ असं विचारलं की जुनी मंडळी आकडा सांगून मोकळी होतात, नवी पोरं एकमेकांकडे बघतात. परवा टेस्टिंगमधल्या एका मुलीने सरळ विचारलं, ‘कमिट म्हणजे शब्द द्यायचा, की नुसता अंदाज सांगायचा?’ मॅनेजर म्हणाले, ‘एकच ते.’

एकच नाही, एवढं नक्की. टीमसाठी मराठीत दोन पानी टिपण लिहायला घेतलंय. त्यात एस्टिमेट, फोरकास्ट आणि कमिटमेंट हे तीन शब्द वेगवेगळे दाखवायचे आहेत. पहिल्या दोन्हींसाठी सगळीकडे ‘अंदाज’ सापडतो, तिसऱ्यासाठी ‘बांधिलकी’ नाहीतर ‘वचनबद्धता’. बांधिलकी म्हटलं की आधी ‘सामाजिक’ येऊन बसतं, आणि वचनबद्ध फक्त सरकार असतं. रोज तोंडात बसतील असे शब्द सुचवा.

प्रतिसाद

ताई, तुमच्या मॅनेजरांना आधी हे सांगा की स्क्रमवाल्यांनीच, म्हणजे ही स्प्रिंटची पद्धत ज्यांची त्यांनीच, हा घोळ एकदा निस्तरलाय. स्क्रमचे जनक केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी स्क्रम गाइड ही नियमपुस्तिका पहिल्यांदा २०१० मध्ये काढली. २०११ च्या आवृत्तीत त्यांनी म्हटलं की स्प्रिंटसाठी उचललेल्या कामांबाबत टीम कमिटमेंट करत नाही, फोरकास्ट करते. कारण उघड होतं. कमिट केलं म्हटलं की दहाच्या दहा कामं रेटून पुरी करायची, मग दर्जा गेला तरी चालेल, असा अर्थ लोक काढत होते. २०२० च्या आवृत्तीत कमिटमेंट परत आली, पण कामांच्या यादीला नाही, तीन वेगळ्या गोष्टींना चिकटून: प्रॉडक्ट गोल (प्रॉडक्टचं उद्दिष्ट), स्प्रिंट गोल (स्प्रिंटचं उद्दिष्ट) आणि डेफिनिशन ऑफ डन (काम झालं कधी म्हणायचं याच्या अटी). म्हणजे ‘ग्राहकाला या स्प्रिंटअखेर स्वतःचा पासवर्ड बदलता येईल’ हा शब्द. त्यासाठी नऊ कामं लागतील की बारा, हा अंदाज.

आता मराठीचं. मला वाटतं नामापेक्षा क्रियापद बघावं. अंदाज, आडाखा, अटकळ हे आपण ‘बांधतो’. शब्द, वचन, हमी, ग्वाही, कबुली हे ‘देतो’. बांधलेली गोष्ट आपल्याजवळच राहते, उद्या सोडून दुसरी बांधता येते. दिलेली गोष्ट समोरच्याची होते, ती तो मागायला येतो. ऑफिसात आपण ‘एस्टिमेट दे’ म्हणतो ना, तिथेच पाणी मुरतं. इंग्रजीची ढब जशीच्या तशी उचलली आणि अंदाजाला ‘देणे’ लावलं. मग महिन्याने ‘तूच दिलं होतंस ना?’ हे ऐकून घ्यावंच लागतं. ‘किती लागेल, अंदाज बांध’ म्हणून बघा, माणूस वेगळं उत्तर देतो.

प्रतिसाद

क्रियापदाचा मुद्दा आवडला, पण इतका सरळ नाही. ‘हवामान खात्याने पावसाचा अंदाज दिला’ असं बातम्यांत रोज येतं आणि पाऊस नाही पडला तर खात्याला कोणी कबुलीवर धरत नाही (शिव्या देतात, ते वेगळं). उलट ‘वायदा’ हा शब्द बांधणारा असूनही तो आपण करतो, देत नाही.

तरी वायदा इथे कामाचा आहे. त्यात तारीख असतेच. शब्द तारखेशिवायही देता येतो, वायद्याला मुदत लागते, म्हणून तर वायदेबाजार. ‘रिलीज १५ तारखेला’ हा वायदा. अडचण एकच, ‘नुसते वायदे करतो’ या वाक्प्रचाराने शब्दाची पत घालवलीय. क्लायंटपुढे ‘आमचा वायदा’ म्हणालात तर तो गालातल्या गालात हसेल.

प्रतिसाद

फोरकास्टसाठी ‘वर्तवणे’ आहे की. भाकीत वर्तवतात, अंदाजही वर्तवतात. हल्ली बऱ्याच टीम पॉइंट (काम किती मोठं ते सांगणारे आकडे) मोजायचं सोडून मागची किती कामं किती दिवसांत हातावेगळी झाली याचे आकडे घेतात, त्यावर माँटे कार्लो पद्धतीने संगणकावर हजारो वेळा जणू फासे टाकतात, आणि उत्तर येतं: ‘१५ तारखेपर्यंत होण्याची शक्यता ८५ टक्के, १० पर्यंत ५० टक्के.’ हे झालं वर्तवणं. आकड्यापुढे टक्के लागले की कोणी त्याला शब्द समजत नाही. मला तर हीच सोपी खूण वाटते: वाक्यात ‘शक्यता’ घालता आली तर फोरकास्ट, घालताना जीभ अडखळली तर कमिटमेंट.

एस्टिमेटला ‘आडाखा’ घ्या. अंदाज डोळ्यांनी बघूनही होतो, आडाख्यामागे थोडा हिशेब असतो. आणि अनुभवातून घट्ट झालेला जो नियम असतो, ‘पेमेंटचं काम म्हटलं की ठरल्याच्या दुप्पट धरायचं’, तो ठोकताळा. आमच्याकडे ठोकताळेच जास्त चालतात, आडाखे क्वचित.

प्रतिसाद

पॉइंटवर आलोच आहोत तर त्यांची जन्मकथा शब्दाच्याच अंगाने बघण्यासारखी आहे. १९९० च्या दशकात क्रायस्लर कंपनीच्या पगारप्रणालीच्या कामावर एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या (स्क्रमसारख्याच) पद्धतीची मंडळी ‘आदर्श दिवसां’त आडाखा बांधायची. व्यत्यय न येता सलग बसलं तर किती दिवस, असा. प्रत्यक्षात त्याच्या साधारण तिप्पट लागायचे. मग वरचे विचारायचे, एका दिवसाच्या कामाला तीन दिवस कसे? शेवटी ‘दिवस’ हा शब्दच टाकला आणि ‘पॉइंट’ म्हणायला लागले. त्यातले रॉन जेफ्रीज यांनी पुढे लिहिलं की स्टोरी पॉइंट कदाचित मीच शोधले असतील, आणि तसं असेल तर आता मला त्याचा खेद आहे. कारण शब्द बदलून भांडण मिटलं नाही. लोकांनी पॉइंटचे पुन्हा दिवस केले, वर टीमा-टीमांची तुलना सुरू केली.

त्यातूनच व्हेलॉसिटी, म्हणजे टीम एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंट संपवते तो आकडा. शाळेत शिकलो ते आठवा: नुसती चाल असते, दिशा असली की वेग. स्प्रिंटला ३२ पॉइंट संपवले यात दिशा कुठली? चुकीचं फीचरही ३२ पॉइंटांचं असू शकतं. शास्त्राच्या हिशेबाने ती ‘चाल’ आहे. पण मॅनेजरला ‘आमची चाल वाढलीय’ असं सांगाल तर त्यांना भलताच संशय यायचा!

प्रतिसाद

तुमच्या टिपणात बॅकलॉग, म्हणजे पुढे करायच्या कामांची यादी, असेलच. कृपा करून ‘अनुशेष’ लिहू नका. अनुशेष म्हणजे जे आधीच व्हायला हवं होतं आणि राहिलं. सिंचनाचा अनुशेष, पदभरतीचा अनुशेष. प्रॉडक्ट बॅकलॉगमधलं निम्मं काम कधीच होणार नसतं आणि ते तसंच बरं असतं. ‘पुढची यादी’ म्हणा किंवा सरळ बॅकलॉग. यादीवर हात फिरवण्याला पूर्वी ग्रूमिंग म्हणत, त्या शब्दाला इंग्रजीत घाणेरडा वास (मुलांना शोषणासाठी जाळ्यात ओढण्याचा) लागल्यावर २०१३ च्या गाइडमध्ये रिफाइनमेंट झालं. मराठीत ‘यादी निवडायला बसलोय’ इतकं पुरतं.

आणि स्टेकहोल्डर म्हणजे भागधारक नव्हे. भागधारकाकडे शेअर असतात. ‘संबंधित मंडळी’ म्हटलं तरी चालतं.

प्रश्नकर्ती

आडाखा घेतला, वर्तवणे घेतलं, कमिटमेंटला ‘शब्द’ ठेवतेय. अनुशेष नाही लिहीत. आणखी एक विचारू? आमचे नवे प्रॉडक्ट हेड म्हणतात, एस्टिमेट हा प्रकारच बंद, आता ‘ॲपेटाइट’ सांगा. भूक म्हणायचं का?

प्रतिसाद

भूक नको हो. हा शब्द बेसकॅम्प या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळींनी २०१९ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून आलाय. प्रश्नच उलटा करायचा: ‘याला किती वेळ लागेल?’ नाही, ‘यावर किती वेळ घालवायची आपली तयारी आहे?’ सहा आठवडे ठरवले की कामाला त्या सहात बसवायचं, नाही बसलं तर आपोआप मुदतवाढ नाही. मराठीत मला ‘ऐपत’ सुचला होता, पण ऐपत असणं आणि घालवायची इच्छा असणं वेगळं. ‘मगदूर’ही तसाच, कुवतीकडे झुकतो. ‘सहा आठवड्यांची तयारी’ हे सगळ्यात साधं आणि अचूक. विचारायचंही तसंच: ‘या फीचरवर किती आठवडे घालायची तयारी आहे?’ मुख्य म्हणजे हे उत्तर टीमने नाही, धंद्याच्या बाजूने द्यायचं असतं. तुमच्या हेडसाहेबांनी ‘ॲपेटाइट सांगा’ असं टीमलाच सांगितलं असेल तर तो जुना एस्टिमेटच आहे, फक्त टोपी बदललीय.

प्रतिसाद

मी थोडं खोचक विचारतो. कॅपिटल वन या अमेरिकी बँकेने जानेवारी २०२३ मध्ये ॲजाइलसाठी (स्क्रम वगैरे पद्धतींचं हे एकत्रित नाव) वेगळी ठेवलेली ११०० हून जास्त पदं काढून टाकली, बाकी ठिकाणीही स्क्रम मास्टरचं (टीमला स्क्रम नीट चालवायला मदत करणाऱ्याचं) काम इतरांच्या अंगावर येतंय. एआयने कोड लिहायला घेतलाय, फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रे कार्पाथी ‘व्हाइब कोडिंग’ (एआयला नुसतं सांगून कोड लिहून घेणं) म्हणून गेले आणि शब्द वाऱ्यासारखा पसरला. या सगळ्यात आडाखा की अंदाज, हे कशाला घोळत बसायचं?

प्रतिसाद

उलट आताच घोळत बसायला हवं. पूर्वी कोड लिहिण्यात वेळ जायचा, म्हणून आडाखा कोडचा असायचा. आता दुपारी कल्पना सांगितली की संध्याकाळी स्क्रीनवर चालताना दिसते. प्रॉडक्ट मॅनेजर स्वतःच नमुना करून आणतात. मग क्लायंटला वाटतं झालंच. रिव्ह्यू राहिलाय, जुन्या डेटाशी जुळवणं राहिलंय, दोनशे जणांनी एकदम लॉगिन केलं तर काय होतं ते कोणी बघितलेलं नाही. आमच्या स्टँडअपमध्ये (रोजच्या छोट्या बैठकीत) याला फार जुना मराठी शब्दप्रयोग वापरतात: ‘झाल्यात जमा’. काम ‘झाल्यात जमा’ आहे म्हणजे झालेलं नाही, हे मराठी माणसाला न सांगता कळतं. जे इंग्रजीत ‘ऑलमोस्ट डन’ म्हणून कामांच्या बोर्डावर तीन आठवडे पडून राहतं तेच.

म्हणून ताई, डेफिनिशन ऑफ डनचं भाषांतर ‘पूर्णतेची व्याख्या’ असं करू नका, कोणी वाचणार नाही. टिपणात मथळा द्या: ‘झालं कधी म्हणायचं?’ आणि खाली तुमच्या टीमच्या चार-पाच अटी. आमच्याकडच्या अशा: लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्याने कोड वाचलाय, टेस्ट पास आहेत, खऱ्या डेटाच्या प्रतीवर चालवलंय, बदल परत फिरवायची सोय आहे. यातली एकही राहिली तर ते काम बोर्डावर ‘झाल्यात जमा’च्या रकान्यात. हो, असा रकाना आम्ही खरंच केलाय आणि त्यात एका वेळी तीनपेक्षा जास्त कामं ठेवू देत नाही.

प्रश्नकर्ती

हा रकाना मी उचलतेय. तीनाची मर्यादा कशी ठरवली, तेवढं सांगा.

प्रतिसाद

तपासणारे तीनच जण आहेत.