चर्चा: घरच्या घरी नवा सण सुरू करावा का? (आमचा तेल थिजल्याचा रविवार)

गच्चीवरचा (जळगाव)
आईशी वाद झाला म्हणून इथं मांडतोय. गाव चोपडा तालुक्यात, राहतो जळगावात. चार वर्षांपूर्वी कानबाईला गावी गेलो होतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. रोटांसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात, भाऊबंदकी जमते, सोमवारी सकाळी विसर्जन.

काका मुठी मोजत होते. माझी झाली, भावाची झाली, दीड वर्षाच्या धाकट्याचीही झाली. त्याला तेव्हा धड दात नव्हते. मोठी सहा वर्षांची, हात पुढं करून उभी. काका हसून म्हणाले, "तुझी मूठ तुझ्या सासरी." ती काही बोलली नाही. परतताना विदगावच्या पुलावर तापी दिसली तेव्हा तिनं विचारलं, "पप्पा, माझं सासर कोणत्या गावाला आहे?"

त्याच हिवाळ्यात आमच्याकडं एक प्रकार सुरू झाला. दिवाळी संपली की मोठी रोज सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी करून बघते. ज्या दिवशी थेंबही पडत नाही, त्यानंतरच्या रविवारी गच्चीवर भरीत. बामणोदकडची हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, कळण्याची भाकरी. कळण्यासाठी ज्वारी-उडदाचं दळण काढताना घरातला प्रत्येकजण आपापली एक मूठ घालतो. आई, बायको, मोठी, सगळे. पाच मुठींसाठी गिरणीवाला चक्की सुरू करत नाही, म्हणून त्या मोठ्या डब्यातच जातात. पण टाकायच्या प्रत्येकानं स्वतःच्या हातानं. आई तीन वर्षं गप्प होती, यंदा म्हणाली, "मूठ कानबाईची. ती वांग्याला लावू नका. सण माणसानं काढायचा नसतो." तुमचं काय मत?

सारंगखेडेकर
भाऊ, राग मानू नको. पन हाई सन शे का पार्टी शे? खान्देशात हिवाळ्यात भरीत कोण करत नाही? आम्ही शेतात दहा-दहा किलो वांगी भाजतो, त्याला परंपरा म्हणत नाही, भूक म्हणतो. सण गावाचा असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लिंबाला झोका बांधला की गल्लीतल्या सगळ्या पोरी त्यावर बसतात, तुझी-माझी नसते. चार भिंतींत केलं तर तो वाढदिवस झाला.

उधनाकर
↳ दादा, ज्यांचा लिंबच सुटला त्यांनी काय करायचं? आमचे वडील लूमवर कामाला सुरतेला आले, आम्ही इथंच वाढलो. आखाजीला सगळ्यांना गावी जायला कधी जमायचं, कधी नाही. मग आई दोन खोल्यांच्या मधल्या चौकटीला साडीचा झोका बांधायची. एका वेळी एकच बहीण, तीही पाय दुमडून, नाहीतर गॅसच्या शेगडीला लागायचे. गौराईची गाणी म्हणताना शेजारचे दार वाजवायचे. आता माझं घर मोठं आहे, बाल्कनीत विकतचा लोखंडी झोका वर्षभर टांगलेला. तरी आखाजीला पोरी चौकटीलाच साडी बांधायला लावतात. हे गावाचं आहे की घराचं, तुम्हीच सांगा.

सारंगखेडेकर
↳ ते आखाजीचंच आहे ना पण! तुमच्या आईनं नवीन काही काढलं नाही, होतं ते सांभाळलं. तेलाची बाटली कुठून आली?

माहेर_शिरपूर
मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, गच्चीवरून ती काजळी धरलेली पातेली खाली कोण आणतं आणि घासतं कोण? पुरुषांनी नवा सण काढला की बायकांचा एक रविवार जातो, हा माझा अनुभव. सणांना आमच्याकडं तोटा नाही. कानबाईला पुरणपोळ्या, गंगाफळाची भाजी, खीर. आखाजीला सांजोऱ्या आणि घागर. मधे पोळा, गुलाबाई. आणखी एक कशाला?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पोरीचा प्रश्न रोटाचा होता, तुम्ही उत्तर भरतात दिलं. तिला मूठ हवी होती ती सगळ्या भाऊबंदांसमोर. तुम्ही तिला गच्चीवर नेलं. काकांना एक शब्द बोलावा लागला असता, तो वाचवला.

भुसावळ_लोको
वरच्या ताईंचं बरोबर आहे, पण एक सांगतो. वडील रेल्वेत गाडीवर होते. दिवाळी असो की पाडवा, ड्यूटी म्हणजे ड्यूटी. आमच्या क्वार्टरमध्ये लक्ष्मीपूजन पप्पा घरी असतील त्या दिवशी. एकदा भाऊबीजही उलटून गेल्यावर झालं, आम्ही एकटेच फटाके उडवत होतो, लोक बघायला बाहेर आले. मला वाटायचं सगळ्यांकडं असंच असतं. आज मी नोकरीला ऑफिसात आहे, सुट्टी असते, तरी ती उशिराची दिवाळी आठवते.

प्रयोगवही
खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. जळगावात उन्हाळा ४५ च्या पुढं जात असला तरी नोव्हेंबरात रात्री तेवढं सहज उतरतं. म्हणजे तुमचा मुहूर्त बाटली स्वयंपाकघरात आहे की खिडकीत यावर ठरतो. परंपरा म्हणा, पण जागा तरी ठरवा.

गच्चीवरचा (जळगाव)
↳ जागा ठरलेली आहे, बाथरूमचं फडताळ. दुसऱ्या वर्षी धाकट्यानं बाटली फ्रीजमध्ये ठेवून सण आठ दिवस आधी आणायचा प्रयत्न केला होता. तेव्हापासून बाटलीला हात फक्त मोठीचा.

जुना_पाटील
मी साठी ओलांडलेला, म्हणून स्पष्ट लिहितो. रोट कुळाचा असतो. आमच्याकडं तो भाऊबंदकीबाहेर कुणाला देतही नाहीत. मुलगी लग्नानंतर दुसऱ्या कुळात जाते, म्हणून तिची मूठ इथं मोजत नाहीत. यात अपमान नाही, हिशेब आहे. तुमच्या काकांनी चेष्टेत सांगितलं ते खरंच सांगितलं.

माहेर_शिरपूर
↳ काका, मान ठेवून विचारते. लग्नाला बावीस वर्षं झाली माझ्या. सासरी कानबाई बसते, मुठी तिथंही पुरुषांच्याच मोजतात. नवऱ्याची, दिराची, माझ्या मुलाची. माहेरी म्हणाले सासरी, सासरी कुणी विचारलंच नाही. दळण निवडते मी, जात्याची पूजा मी करते, रोट थापते मी. तुमच्या हिशेबात माझी मूठ कोणत्या गावाला आहे?

सारंगखेडेकर
↳ ताई, हाई मात्र खरं शे.

जुना_पाटील
↳ याचं उत्तर माझ्याकडं नाही. एवढंच सांगतो, आमच्या वडिलांना आम्ही पाच बहिणी आणि मी एकटा. लहानपणी बघायचो, मुठी मोजून झाल्या की ते "देवीला कमी पडायला नको" म्हणत आणखी गहू टाकायचे. किती टाकायचे ते मी कधी मोजलं नाही. आज तुमचं वाचून मोजावंसं वाटतंय.

उधनाकर
↳ पाच मुठी असतील काका.

गच्चीवरचा (जळगाव)
शिरपूरच्या ताई, तुमचे दोन्ही मुद्दे लागले. भांड्यांचं आधी: वांगी भाजणं, सोलणं, ठेचणं माझ्याकडं, पातेली मात्र आजवर बायकोनंच घासली. यंदापासून माझ्याकडं. काड्यांची राख आणि लिंबू, बघू निघतात का.

काकांशी बोललो नाही हेही खरं. भरीत सोपं होतं. गच्चीवर नाही म्हणणारं कुणी नसतं. पण सारंगखेडेकर भाऊ, तुमच्याशी अजून पटत नाही. पार्टीला पोरं वाट बघतात ती खाण्याची. माझी पोरगी दिवाळीपासून महिनाभर पहाटे थंडी मोजते, आजीला झोपेतून उठवून बाटली दाखवते, आणि आजी, जिला हा प्रकार मान्य नाही, ती "अजून हलतंय गं, उद्या बघ" म्हणते. हे मला दहा किलो वांग्यांत दिसलं नसतं.

काल रात्री हा सगळा धागा आईला वाचून दाखवला. पाटील काकांच्या वडिलांपाशी आल्यावर तिनं चष्मा काढून ठेवला. म्हणाली, "तुझे आजोबाही वरून टाकायचे." मी विचारलं, मग आत्यांसाठी? तर म्हणे, "कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी."

येत्या श्रावणात काकांना विचारायचं ठरलंय. मी विचारणार होतो, पण आई म्हणते तू गप्प बस, मी विचारते. भरताला मूठ लावायची नाही यावर मात्र ती ठाम आहे. सध्या तेल अर्धं थिजलंय.